एकोणीस पोरं, बारा जागा: मोसमाआधी खेळाडू कसा पारखायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघात सहायक प्रशिक्षक म्हणून नुकतेच रुजू झालेले एक तरुण मित्र विचारतात: लीग सुरू व्हायला एकवीस दिवस, कॅम्पला एकोणीस खेळाडू, निवडायचे बारा. मी चौदा रकान्यांचा तक्ता केलाय, प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण. पहिल्या आठवड्यानंतर बेरीज केली तर वरच्या अकरा जणांत मिळून सहा गुणांचा फरक निघतो, आणि मुख्य प्रशिक्षकांच्या मनातली नावं भलतीच आहेत. चुकतंय कुठे?

तुमची मेहनत वाया गेली असं म्हणणार नाही, पण बेरीज पुसून टाका. ड्रिब्लिंगला ९ आणि बॉक्स आउटला (समोरच्याला अंगाने अडवून रिंगवरून परतलेला बॉल पकडायला) ३ असलेला मुलगा, आणि ड्रिब्लिंगला ३, बॉक्स आउटला ९ असलेला मुलगा, दोघांचे बारा-बाराच होतात. कोर्टवर मात्र त्या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. एकाच्या हातात तुम्ही शॉट घेण्यासाठीचं चोवीस सेकंदांचं घड्याळ सोपवाल, दुसऱ्याला रिंगखाली धक्के खायला पाठवाल. तक्ता तुम्हाला ‘कोण चांगला’ हे सांगायला बघतोय, आणि तुम्हाला हवंय ‘कशासाठी कोण’.

म्हणून आधी माणसं बाजूला ठेवा आणि कामं लिहा. मुख्य प्रशिक्षकांना घेऊन एक संध्याकाळ बसा, कोऱ्या कागदावर १ ते १२ आकडे घाला आणि प्रत्येकासमोर नाव न लिहिता काम लिहा. पहिला गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा. तो बसला की बारा मिनिटं प्रेस (समोरच्यांनी कोर्टभर केलेली अडवणूक) झेलून बॉल पलीकडे नेणारा दुसरा गार्ड. त्याने पॉइंट नाही केले तरी चालेल. कोपऱ्यात उभा राहून आपला डिफेंडर तिथेच अडकवून ठेवणारा शूटर. समोरच्या संघाच्या परदेशी गार्डला चाळीस मिनिटं छळणारा. पाच फाऊल शहाणपणाने खर्च करणारा उंच माणूस. आणि बारावा, ज्याचं काम म्हणजे आठवड्याचे पाच दिवस पहिल्या फळीला सरावात घाम फोडायचा आणि मॅचच्या दिवशी टॉवेल हलवायचा. हसू नका, या बाराव्या कामाला मिळणारा माणूस सगळ्यात दुर्मीळ असतो. बारावी जागा ‘राहिलेल्यातला बरा’ म्हणून भरलेले संघ मी पाहिलेत. डिसेंबरपर्यंत त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये कुरबुरी सुरू झालेल्या असतात.

कागद भरला की लक्षात येईल की सात-आठ जागा ठरलेल्याच आहेत. करार झालेत, पैसे ठरलेत, मालकांनी पोस्टर छापलेत. खरी झुंज चार जागांसाठी आहे, तेव्हा तुमची वही आणि डोळे त्या चार जागांच्या आठ-नऊ उमेदवारांवर खर्च करा. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्येही वेगळं काही नसतं. तिथे कॅम्पला एकवीस जण ठेवता येतात; मोसम सुरू होताना नेहमीच्या कराराचे पंधरा आणि ‘टू-वे’ कराराचे (एनबीए आणि तिची दुय्यम लीग, दोन्हीकडे खेळणारे) तीन उरतात. बहुतेकांचे करार पक्के असतात, त्यामुळे कॅम्पमध्ये खरी मारामारी शेवटच्या एक-दोन खुर्च्यांसाठी असते. बाकीच्यांबाबत प्रश्न एवढाच, की कुणाला किती मिनिटं आणि कुणाबरोबर.

आता सराव सामन्यांकडे वळू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले. भारतातले एनबीएचे ते पहिलेच सामने, आणि दोन्ही मोसमापूर्वीचे. मी वही घेऊन वर बसलो होतो. ४ तारखेचा पहिला सामना ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा पेसर्सने जिंकला. टी. जे. वॉरनने ३० पॉइंट केले, समोरून बडी हील्डने २८. डोम नुसता दणाणत होता. दुसऱ्या दिवशी पेसर्सने १३०-१०६ अशी सरळ धुलाई केली. बाहेर पडताना एक जण म्हणाला, “पेसर्स यंदा सुसाट सुटणार.” दोन-तीन आठवड्यांनी मोसम सुरू झाला आणि पेसर्स पहिले तिन्ही सामने हरले. किंग्ज तर पहिले पाच हरले. पुढे पेसर्स ४५ विजय, २८ पराभव करून ईस्ट विभागात चौथे आले, किंग्ज ३१-४१ वर थांबले. म्हणजे वरळीच्या निकालाने पहिल्या आठवड्याबद्दल काहीच सांगितलं नाही, आणि सगळ्या मोसमाबद्दल जे सांगितलं ते आधीपासून माहीत होतं. वॉरनच्या त्या ३० पॉइंटांचंही तसंच. आदल्या वर्षी फिनिक्समध्ये त्याची सरासरी १८ होती. तो पॉइंट करतो हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. पेसर्सच्या प्रशिक्षकांना त्या दोन दिवसांत बघायचं असणार ते दुसरंच: त्यांचा उंच खेळाडू सबोनिस पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ पाठ करून, बॉल घेतो तेव्हा नव्याने आलेला वॉरन कुठे जाऊन उभा राहतो. माझ्या वहीत त्या रात्री पॉइंट कमी आणि पायांच्या खुणा जास्त होत्या.

शूटिंगच्या टक्केवारीवर जरा थांबतो, कारण तुमच्या तक्त्यात ‘तीन पॉइंट’ हा रकाना पिवळा करून ठेवलाय. समजा एका मुलाचा खरा हात ३५ टक्क्यांचा आहे. कॅम्पच्या सराव सामन्यांत त्याने २० वेळा तीनचा शॉट घेतला. चारपैकी तीन वेळा त्याचा आकडा ५ ते ९ या दरम्यान पडेल. उरलेल्या वेळी तर त्याच्याही बाहेर. आता ५ म्हणजे २५ टक्के आणि ९ म्हणजे ४५ टक्के. पंचविशीवाल्याला तुम्ही घरी पाठवाल आणि पंचेचाळीसवाल्याला पोस्टरवर घ्याल, आणि दोघांचा हात एकच असू शकतो! एकवीस दिवसांत कुणाचाही पुरेसा आकडा जमत नाही. त्यापेक्षा त्याच्या मागच्या दोन मोसमांच्या फ्री थ्रोची टक्केवारी मागवून घ्या. हाताबद्दल ती जास्त खरं बोलते. कॅम्पमध्ये फ्री थ्रो मोजायचेच असतील तर एका दमात पन्नास मारू देऊ नका. दोन लांब फेऱ्या पळवा, दोन मारायला सांगा, परत पळवा. मॅचमध्ये ते दोन-दोनच मिळतात, आणि धापा टाकतानाच मिळतात.

शूटरकडे बघताना बॉल रिंगमधून गेला की नाही हे शेवटी लिहा. आधी लिहा: बॉल हातात येण्याआधी पाय लागले होते का? लागोपाठ दोन चुकल्यावर तिसरा मोकळा शॉट त्याने घेतला, की पास देऊन अंग काढलं? त्याचा डिफेंडर त्याला सोडून मदतीला धावतो का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. समोरचे खेळाडू कुणाला घाबरतात हे तुमच्या तक्त्यापेक्षा त्यांच्या पायांना जास्त कळतं. आणखी एक बारीक गोष्ट. फिबाने (जागतिक बास्केटबॉल महासंघाने) २०१० मध्ये तीन पॉइंटची रेघ ६.२५ वरून ६.७५ मीटरवर नेली, पण जुन्या सिमेंट कोर्टांवर अजूनही कुठे कुठे जुनी रेघ दिसते. तिथे हात बसलेली मुलं पाव पाऊल आत उभी राहतात, बूट रेघेवर टेकतो, आणि तीनऐवजी दोन मिळतात. हे कॅम्पमध्ये सुधारतं. त्यासाठी मुलगा टाकून द्यायचा नसतो.

मग बघायचं काय? बॉल नसताना. हे वाक्य सगळे म्हणतात, करत कुणीच नाही, कारण डोळा बॉलकडे पळतो, मांजर दुधाकडे जावं तसा. मी स्वतःवर सक्ती करतो: सहा मिनिटं एकच खेळाडू. बॉल कुठे आहे, स्कोअर काय, काही बघायचं नाही. गॅलरीत कोपऱ्यात एक फोन स्टँडवर लावून ठेवायचा, ज्यात दहाही जण दिसतील. बॉलचा हिशेब रात्री व्हिडिओवर करता येतो.

नमुना म्हणून एका जुन्या कॅम्पमधलं माझ्या वहीचं पान देतो. जर्सी १४, नागपाड्याचा मुलगा, उंची जेमतेम सहा फूट, पहिल्या तीन दिवसांत त्याचे पॉइंट बहुधा नऊ. (वेळ उलटी मोजलीय; स्क्रीन म्हणजे डिफेंडरच्या वाटेत उभं राहून त्याला अडवणं, क्लोजआउट म्हणजे शूटरकडे धावत जाऊन त्याला रोखणं, ‘मोठा’ म्हणजे आपला उंच सेंटर):

“६:०० – आपला शॉट चुकला. लगेच वळला. तीन पावलं जोरात, मग मान मागे. ‘बॉल, बॉल, मी घेतो.’ ५:२० – स्क्रीन आली. आधी ओरडला, मग आदळला. उजवीकडून येतेय हे मोठ्याला सांगितलं. ४:४५ – पास हुकला, टर्नओव्हर. हात वर नाही, आभाळाकडे बघणं नाही. पळाला, लेअप थांबवला नाही पण डाव्या हाताने मारायला लावला. ३:४० – क्लोजआउट. शेवटची दोन पावलं छोटी, हात वर, उडाला नाही. २:१० – दमला. कंबरेवर हात. तरी बोलतोय. ०:३० – मदतीला गेला, परत आपल्या माणसाकडे यायला उशीर. दुसऱ्यांदा.”

सहा मिनिटांत त्याने बॉलला किती वेळा हात लावला ते माझ्या पानावर नाही. पण यातली प्रत्येक नोंद पुढच्या दिवशी पुन्हा मोजता येते. शॉट चुकल्यावर वळून पळणं ही दर मॅचला पन्नासेक वेळा घडणारी गोष्ट आहे. पुढच्या दोन दिवसांत आमच्या बाजूचा बॉल गेल्यावर तो २३ वेळांपैकी १९ वेळा पहिल्या तीन पावलांत जोर लावून पळाला. त्याच दोन दिवसांत ज्याचं नाव पेपरात येत होतं तो ११ वेळा. हा आकडा नशिबावर हलत नाही. तिसऱ्या आठवड्यातही तो जवळपास तसाच निघतो, म्हणून मी त्याच्यावर विसंबतो. आणि मदतीवरून परतायचा उशीर? चौथ्या दिवशी त्याला व्हिडिओ दाखवला, सहाव्या दिवशी तो उशीर निम्म्यावर आला होता. शिकवल्यावर किती दिवसांत उतरतं, हा माझ्या वहीतला शेवटचा रकाना. पहिल्या आठवड्यात कोण किती चांगला आहे यापेक्षा, पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यामधला त्याचा उतार-चढाव मला जास्त सांगून जातो.

चूक झाल्यावरचे पाच सेकंद मात्र वेगळे लिहा. तिथे माणूस उघडा पडतो. रेफरीकडे बघतो का, पास देणाऱ्याकडे हात पसरतो का, की नुसता पळतो? आपल्या मुंबईच्या कोर्टांवर टोमणे खात खात वाढलेली मुलं इथे सहसा टिकतात. कौतुकात वाढलेली ढासळतात. हे माझं मत आहे, त्याला पुरावा मागू नका.

शरीराच्या चाचण्या घ्याच, पण त्यांना त्यांच्या जागी ठेवा. केव्हिन ड्युरांटला २००७ च्या ड्राफ्टआधीच्या (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधीच्या) चाचणीत १८५ पौंडांचा, म्हणजे साधारण ८४ किलोंचा बार बेंच प्रेसवर एकदाही उचलता आला नव्हता. त्याच वर्षी तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिल्याच मोसमात ‘रूकी ऑफ द इयर’ झाला. ताकद, उडी, धाव यांचे आकडे मी निवडीसाठी फारसे वापरत नाही. तुलनेसाठी वापरतो, आणि तीही त्या खेळाडूची त्याच्या स्वतःशी. एका पायावरची लांब उडी घ्यायला लावा. दुखावलेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी पडली तर फिजिओकडे पाठवा, वहीत शेरा मारू नका. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेला कुणी नऊ महिन्यांच्या आत कॅम्पला आला असेल आणि ‘सर, मी फिट आहे’ म्हणत असेल, तर त्याचं प्रेमाने ऐका आणि त्याला खेळवू नका.

पहिल्याच दिवशी उलटी होईपर्यंत लाइन ड्रिल (रेघांमधल्या धावफेऱ्या) मारायला लावायची आपल्याकडची जुनी हौस एकदाची सोडा. सुट्टीवरून आलेल्या शरीराचं त्यातून एवढंच कळतं की ते सुट्टीवरून आलंय, आणि हॅमस्ट्रिंग गेली ती वेगळीच. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारा: शून्य ते दहामध्ये किती जड गेलं? त्याला मिनिटांनी गुणा. नव्वद मिनिटांचा सराव एकाला ७ वाटला तर ६३०. त्याच सरावाला दुसरा ४ म्हणतो, तिसरा ९. हा तिसरा आळशी आहे की आजारी, की कुठेतरी अजून खेळून येतोय, ते शोधायचं काम तुमचं. ऑक्टोबरात आपल्या हॉलचे पंखे गरम हवा ढवळण्यापलीकडे काही करत नाहीत. सरावाआधी आणि नंतर वजन घ्या. ऐंशी किलोंचा खेळाडू दीड किलोपेक्षा जास्त उतरला असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात त्याने घेतलेले चुकीचे निर्णय त्याचे नव्हेत, पाण्याच्या बाटलीचे आहेत.

हे मला एका चुकीतून कळलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संघाच्या ट्रायल्सला, नाव सोडून देऊ, एक डावखुरा गार्ड आला होता. सकाळी सातचा सराव. पहिला तास तो झोपेत असल्यासारखा, शेवटच्या वीस मिनिटांत जागा व्हायचा. मी वहीत लिहिलं, ‘इच्छा कमी.’ पाचव्या दिवशी त्याला काढला. त्यानंतर महिनाभराने आमच्या ट्रेनरकडून कळलं की तो रात्रपाळी करून पहाटेच्या लोकलने बदलापूरहून थेट कोर्टवर यायचा. सराव झाला की परत. पाच दिवसांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की बाबा, तू राहतोस कुठे, झोपतोस किती. आता माझ्या वहीचं पहिलं पान तेच असतं: राहतो कुठे, येतो कसा, नोकरी काय, झोप किती तास. रेल्वेत किंवा सरकारी खात्यात नोकरीला असलेल्यांना सुट्टी मंजूर आहे का, तेही त्याच पानावर. नोकरीची टांगती तलवार डोक्यावर असलेला मुलगा घोटा दुखला तरी सांगत नाही.

जोड्या बदलत राहा, यावर एक परिच्छेद पुरे. पॉइंट गार्ड पाहिला म्हणजे तुम्ही त्याचा सेंटरही पाहिला. स्क्रीन नीट न लावणाऱ्या मोठ्याबरोबर चार दिवस खेळलेला गार्ड बावळट दिसतो, आणि चांगल्या मोठ्याबरोबर खेळलेला सामान्य गार्ड हुशार. चार जागांच्या उमेदवारांपैकी प्रत्येकाला निदान दोन सत्रं पहिल्या फळीबरोबर आणि दोन सत्रं तिच्याविरुद्ध खेळवा. सामनाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळवायची गरज नाही. शेवटची दोन मिनिटं, चार पॉइंटनी मागे, टाइमआउट एकच, शॉटचं घड्याळ १४ वर: हे दिवसातून तीनदा लावा. चौथ्या क्वार्टरमध्ये कोण बॉल मागतो आणि कोण बुटाची लेस बांधायला खाली बसतो, ते चाळीस मिनिटांच्या सामन्यापेक्षा इथे लवकर दिसतं. प्लस-मायनसचा आकडा (खेळाडू कोर्टवर असताना संघाने समोरच्यापेक्षा किती पॉइंट जास्त किंवा कमी केले) मात्र कॅम्पमध्ये काढूही नका. चौदा मिनिटांत अधिक बारा म्हणजे समोरच्याचे चार शॉट रिंगला लागून परत आले, एवढंच.

परदेशी खेळाडू उशिरा येतात, झोपेचं चक्र उलटलेलं असतं. पहिले तीन दिवस त्यांच्यावर शेरा लिहू नका. अनुभवी देशी खेळाडूंचंही तसंच, फक्त कारण वेगळं. पस्तिशीचा रेल्वेचा सेंटर कॅम्पमध्ये अंग राखून खेळतो. त्याने पंधरा वर्षं काँक्रीटवर उड्या मारल्यात, मोसम किती लांब आहे ते त्याच्या गुडघ्यांना माहीत आहे. त्याला बघायचं ते सरावात कमी आणि बेंचवर जास्त. धाकट्या सेंटरला तो पोस्टमध्ये कोपर कुठे ठेवायचं ते सांगतो का? सांगत असेल तर तुम्हाला एका पगारात अर्धा प्रशिक्षक मिळाला.

राहिली मुख्य प्रशिक्षकांच्या मनातली ‘भलतीच नावं’. तुम्ही लगेच त्यांना चूक ठरवू नका, आणि लगेच मानही डोलवू नका. दर दोन दिवसांनी बैठकीआधी तुम्ही, ते आणि ट्रेनर, तिघांनी आपापल्या चार नावांची चिठ्ठी लिहून टेबलावर उलटी ठेवायची. मग उघडायची. आधी मोठ्यांनी तोंड उघडलं की बाकीच्यांची मतं त्या दिशेला झुकतात, हा आपल्याकडचा संस्कारच आहे. जिथे तिन्ही चिठ्ठ्या जुळतात तिथे चर्चा नको. जुळत नाहीत त्या नावांचा व्हिडिओ लावा आणि प्रत्येकाने एकच सांगायचं: कोणत्या कामासाठी हा मुलगा हवा किंवा नको. “मला आवडतो” हे उत्तर धरायचं नाही. तुमच्या एक्सेलचा खरा उपयोग इथे होईल. बेरीज नको, पण ‘शॉट गेल्यावर पळाला’ आणि ‘स्क्रीनवर बोलला’ हे दोन मोजलेले रकाने पुढे ठेवले की सरसुद्धा ऐकतात. माझे ऐकायचे. कुरकुरत, पण ऐकायचे.

आणि तरीही तुमचं चुकेल. जेरेमी लिन या गार्डला डिसेंबर २०११ मध्ये एनबीएच्या गोल्डन स्टेटने कॅम्पच्या पहिल्याच दिवशी सोडलं, आणि मग ह्यूस्टनने नाताळच्या आदल्या दिवशी. ह्यूस्टनकडून त्याला मोसमापूर्वीच्या दोन सामन्यांत मिळून सात मिनिटं मिळाली होती. ४ फेब्रुवारी २०१२ ला न्यूयॉर्ककडून त्याने २५ पॉइंट केले, १० तारखेला लेकर्सविरुद्ध ३८. ह्यूस्टनकडे पक्क्या करारांचे तीन गार्ड आधीच होते, म्हणजे खुर्चीच रिकामी नव्हती. त्यामुळे त्यांना डोळे नव्हते असं मी म्हणणार नाही. पण त्याच उन्हाळ्यात त्यांनी त्याला तीन वर्षांसाठी सुमारे अडीच कोटी डॉलर मोजून परत आणलं, हेही खरं. जागेअभावी सोडलेला आणि खेळाअभावी सोडलेला, या दोघांची यादी वेगवेगळी ठेवा. वहीत त्यांच्या नावापुढे कारण लिहून ठेवा. सहा महिन्यांनी दोन्ही सारखेच ‘काढलेले’ दिसतात.

यादी जाहीर करण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. मी खेळाडू असताना एका निवडीची यादी जिन्याजवळच्या भिंतीवर सेलोटेपने चिकटवली होती. सोलापूरहून आलेला एक मुलगा आणि त्याचे वडील, दोघं ती यादी वाचत होते. वडील बोट ठेवून वरून खाली गेले, मग परत खालून वर. मुलगा म्हणाला, “अण्णा, चला.” वडील म्हणाले, “थांब रे, नीट बघू दे.” बारा नावं होती, त्यांनी तीन वेळा वाचली. मागे आम्ही आठ जण रांगेत उभे होतो, आणि कुणी हललं नाही.

व्हॉट्सॲपवर रात्री साडेअकराला यादी टाकणं म्हणजे तीच भिंत. सातही जणांना वेगवेगळं बोलवा, हॉलबाहेर, चहा सांगा, आणि पहिल्या वाक्यात निकाल सांगून टाका. प्रस्तावना केलीत की त्याला आधीच कळतं आणि पुढचं काही ऐकू येत नाही. मग एकच गोष्ट सांगा, जी त्याला सुधारता येईल, आणि तिचा आकडा वहीतून दाखवा. ‘तू खूप चांगला आहेस, पण’ हे वाक्य टाळा.

जागेअभावी राहिलेल्या पहिल्या दोघांना मात्र सोडू नका. जानेवारी उजाडायच्या आत कुणाचा तरी घोटा मुरगळतोच. त्यांना आठवड्यातून दोन दिवस सरावाला बोलवत राहा, तुमची सेट प्ले (ठरवलेल्या चाली) त्यांना पाठ असू देत, आणि लोकलचा पास संघाच्या खर्चातून काढून द्या. मालकांना ही रक्कम मागताना लाजू नका; ते पोस्टरवर याच्या कितीतरी पट खर्च करतात.